छोट्या तेल-वायू कंपनीचा शेअर खरंच स्वस्त आहे की नुसता स्वस्त दिसतोय? नवख्यांसाठी तपासणीची पद्धत

तेलाची विहीर सुरू झाली की पहिल्या दिवसापासूनच तिचं उत्पादन उतरायला लागतं. कारखाना नीट राखला तर दहा वर्षांनीही तेवढाच माल काढतो, विहिरीचं तसं नसतं. उत्पादन आहे तेवढंच ठेवायचं तरी दरवर्षी नव्या विहिरी खणाव्या लागतात, आणि त्याला पैसा लागतो. छोट्या तेल कंपनीचा शेअर रोख कमाईच्या चौपट किमतीत मिळतोय हे पाहून नवखा गुंतवणूकदार हुरळतो, तेव्हा बहुतेक वेळा हाच खर्च त्याच्या नजरेतून सुटलेला असतो.

म्हणून इथे दोन प्रश्न एका ठराविक क्रमाने विचारायचे. तेलाचा भाव दीड-दोन वर्षं पडलेला राहिला तर ही कंपनी टिकेल का, हा पहिला. टिकणार असेल तर ती स्वस्त आहे का, हा दुसरा. क्रम उलटा केला की आकडे गोड वाटू लागतात आणि कर्जाची टीप वाचायची राहून जाते. खाली आधी आकडे मांडले आहेत, कारण टिकण्याची परीक्षाही त्यांच्यावरच घ्यायची आहे; निर्णय मात्र याच क्रमाने करा.

पीई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) या धंद्यात फारसं कामाचं नाही. हेजिंगच्या, म्हणजे पुढचा भाव आधीच बांधून ठेवणाऱ्या, करारांचा कागदी नफा-तोटा दर तिमाहीत निव्वळ नफ्यात मिसळतो. शिवाय हिशेबाच्या दोन पद्धती आहेत. 'सक्सेसफुल एफर्ट्स' पद्धतीत कोरड्या निघालेल्या शोध-विहिरीचा खर्च लगेच तोट्यात जातो, तर 'फुल कॉस्ट' पद्धतीत तो मालमत्तेत जमा होऊन वर्षानुवर्षं थोडाथोडा वजा होतो. भाव पडल्यावर फुल कॉस्टवाल्या कंपनीला मोठी रक्कम एकदम मालमत्तेतून काढून तोट्यात टाकावी लागली की पुढच्या वर्षांचा घसारा कमी होतो आणि नफा आपोआप फुगतो. धंदा होता तसाच असतो. त्यामुळे नफ्यापेक्षा बॅरल, रोख आणि कर्ज या तीन गोष्टी पाहायच्या.

आधी कागद जमवा

तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, शेवटचा तिमाही अहवाल आणि साठ्यांचा अहवाल. कंपनीचं चकचकीत सादरीकरण सगळ्यात शेवटी वाचा. अमेरिकेत नोंदलेली कंपनी असेल तर '10-के' या वार्षिक अहवालात अगदी शेवटी तेल-वायूची पुरवणी माहिती असते, ती उघडा. कॅनडात 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट 51-101' या नियमाखाली दरवर्षी साठ्यांचं स्वतंत्र निवेदन द्यावं लागतं, आणि आमच्या मते छोट्या कंपन्यांची सगळ्यात वाचनीय माहिती तिथेच मिळते: साठ्यांच्या प्रत्येक वर्गाचं मूल्य 0, 5, 10, 15 आणि 20 टक्के सवलत दराने (पुढे मिळायच्या रकमेची आजची किंमत काढताना दरवर्षी कापायच्या दराने) शेजारीशेजारी छापलेलं असतं. लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारातल्या कंपनीसाठी 'काँपिटंट पर्सन्स रिपोर्ट', म्हणजे तज्ज्ञाने दिलेला साठ्यांचा अहवाल, शोधा. त्यावरची तारीख नक्की बघा, कारण चार वर्षांपूर्वीचा अहवाल आजच्या भावाला आणि आजच्या विहिरींना लागू पडत नाही.

अमेरिकी आणि कॅनडातल्या अहवालात साठ्यांचा ताळेबंद असतो: वर्षाच्या सुरुवातीचे साठे, नवे शोध, खरेदी, विक्री, उत्पादन आणि 'फेरअंदाज'. फेरअंदाजाची ओळ तीन वर्षं शेजारीशेजारी मांडा. भाव चढत असूनही ती सलग उणे असेल तर आधीचे अंदाज फुगवलेले होते, एवढं समजून घ्या. अशी चूक मोठ्या कंपन्यांकडूनही होते. शेल या बड्या तेल कंपनीने जानेवारी 2004 मध्ये 3.9 अब्ज बॅरलइतके, म्हणजे आपल्या सिद्ध (जवळपास खात्रीच्या) साठ्यांपैकी सुमारे एक पंचमांश, सिद्ध वर्गातून बाहेर काढले होते. छोट्या कंपनीत एकाच क्षेत्रावर सगळी भिस्त असते, त्यामुळे तिथे असा फेरअंदाज शेअरची किंमत एका दिवसात अर्ध्यावर आणू शकतो.

बीओईचा आकडा फोडून पाहा

पुढची सगळी आकडेमोड एका काल्पनिक कंपनीवर करू. तिचे 10 कोटी शेअर, भाव 1.50 डॉलर, म्हणजे बाजारमूल्य 15 कोटी डॉलर. कर्ज 9 कोटी, हातातली रोख 1 कोटी, म्हणजे निव्वळ कर्ज 8 कोटी. बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज, अर्थात एंटरप्राइज व्हॅल्यू, 23 कोटी डॉलर. उत्पादन रोज 8,000 बीओई.

बीओई म्हणजे तेलाच्या बॅरलशी समतुल्य असं एकक. यात 6,000 घनफूट वायू हा एका बॅरलबरोबर धरतात. ही बरोबरी उष्णतेची आहे, पैशाची नाही. बाजारात 6,000 घनफूट वायूला तेलाच्या बॅरलच्या एक चतुर्थांशही भाव अनेकदा येत नाही. आपल्या कंपनीचं निम्मं उत्पादन तेल आणि निम्मं वायू आहे: 4,000 बॅरल तेल आणि 2 कोटी 40 लाख घनफूट वायू. तेलाला 65 डॉलर मिळतात, वायूला हजार घनफुटांना 2.50 डॉलर, म्हणजे बीओईमागे 15 डॉलर. सरासरी 40 डॉलर. 'रोज 8,000 बॅरल' ऐकून मनात 65 चा गुणाकार झाला असेल तर तो इथेच पुसून टाका.

वायूतून वेगळे काढलेले इथेन, प्रोपेन यांसारखे द्रवही काही कंपन्या 'द्रव उत्पादन' म्हणून तेलात मिसळून सांगतात. त्यांना तेलापेक्षा बराच कमी भाव मिळतो. कच्चं तेल किती टक्के, हे वेगळं काढा.

भाव कुठला धरायचा हेही पाहा. बातम्यांमध्ये ब्रेंट किंवा डब्ल्यूटीआय या मापदंड मानलेल्या तेलांचा भाव असतो, पण कंपनीला तिच्या गावच्या पाइपलाइनवर जो मिळतो तोच खरा. तेल जड, गंधकयुक्त असेल किंवा पाइपलाइन तुंबलेली असेल तर तफावत मोठी पडते. टेक्सासच्या वाहा या वायूच्या खरेदी-विक्री केंद्रावर 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये वायूचा भाव शून्याखाली गेला होता, कारण तेलासोबत निघणाऱ्या वायूला बाहेर न्यायला पुरेशा पाइपलाइन नव्हत्या. अशा दिवशी वायू विकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात.

एका बॅरलमागे हातात काय उरतं

सरासरी 40 डॉलरमधून 18 टक्के रॉयल्टी (जमीनमालकाचा किंवा सरकारचा हिस्सा) गेली, 7.20. विहिरी चालवण्याचा खर्च 13. वाहतूक आणि प्रक्रिया 2.80. उरले 17 डॉलर. याला ऑपरेटिंग नेटबॅक म्हणतात आणि दोन कंपन्यांची तुलना आधी याच आकड्यावर करायची. मुख्यालयाचा खर्च 3 डॉलर आणि व्याज 2.50 वजा केलं की 11.50 राहतात. वर्षाला 29.2 लाख बीओई, म्हणजे 3.36 कोटी डॉलर रोख.

15 कोटींच्या बाजारमूल्याला 3.36 कोटींची रोख: साडेचार पटीपेक्षाही कमी. बहुतेक नवखे इथेच खरेदीचं बटण दाबतात.

मुख्यालयाच्या खर्चावर एक शब्द. छोट्या कंपनीत बीओईमागे 3 डॉलरपेक्षा जास्त पगार-कार्यालयाचा खर्च दिसला तर संचालकांचे पगार आणि बोनस कशाला बांधलेत ते वाचा. बोनस 'उत्पादनवाढीला' बांधला असेल तर उत्पादन वाढेलच, तुमचा फायदा झाला नाही तरी.

घट: ज्या आकड्यावर सगळं उभं आहे

नवी विहीर खणली नाही तर वर्षभरात उत्पादन किती टक्क्यांनी उतरेल, हा मूळ घटीचा दर. शेल नावाच्या घट्ट खडकातली फ्रॅक केलेली, म्हणजे दाबाने खडक फोडून काढलेली, विहीर पहिल्याच वर्षात 60 ते 70 टक्क्यांपर्यंत उतरू शकते, मग घट मंदावत जाते. पाणी भरून दाब टिकवलेलं जुनं पारंपरिक क्षेत्र वर्षाला 5 ते 15 टक्क्यांनी उतरतं. कंपनीचा एकूण दर तिच्या विहिरींच्या वयावर ठरतो. गेल्या वर्षी झपाट्याने विहिरी खणून उत्पादन दुप्पट केलेली कंपनी पुढच्या वर्षी सगळ्यात वेगाने उतरते.

काही कंपन्या हा दर छापतात, काही लपवतात. लपवला असेल तर साठ्यांच्या अहवालात फक्त चालू विहिरींच्या भावी उत्पादनाचा तक्ता शोधा. त्यातलं पहिल्या वर्षाचं उत्पादन आणि आजचं प्रत्यक्ष उत्पादन यांतला फरक बरंच सांगून जातो. तक्ता नसेल तर खणकाम थांबलेल्या एखाद्या वर्षाचे तिमाही आकडे पाहा. 2020 हे त्यासाठी अनेकदा उपयोगी पडतं, मात्र त्या वर्षी काही विहिरी मुद्दाम बंद ठेवल्या होत्या का हे आधी तपासा.

आता आपली कंपनी. घट 25 टक्के धरली तर वर्षाला रोजचे 2,000 बीओई गळतात. नवं उत्पादन उभं करायला रोजच्या एका बीओईमागे 15,000 डॉलर लागत असतील, तर नुसतं जागेवर राहायला 3 कोटी डॉलर हवेत. 3.36 कोटींतून उरले 36 लाख. बाजारमूल्याच्या 2.4 टक्के. हीच घट 12 टक्के असती तर 960 बीओई भरून काढायला 1.44 कोटी लागले असते आणि 1.92 कोटी उरले असते, म्हणजे 12.8 टक्के. बाहेरून दोन्ही कंपन्या साडेचार पटीच्या दिसतात. एक महाग आहे आणि दुसरी विचार करण्याजोगी.

तो 15,000 चा आकडा कसा काढायचा? गेल्या वर्षीचा खणकामाचा खर्च घ्या. वर्षाच्या सुरुवातीचं उत्पादन मूळ घटीने उतरून कुठे आलं असतं ते मांडा, प्रत्यक्ष वर्षअखेरीच्या उत्पादनातून ते वजा करा आणि खर्चाला त्या फरकाने भागा. कंपनी सांगते तो आकडा पुष्कळदा पहिल्या 30 दिवसांच्या जोमदार उत्पादनावर काढलेला असतो. तो वापरू नका. विहिरीच्या पहिल्या पूर्ण वर्षाची सरासरी मागा, नाहीतर स्वतः काढा.

जुन्या क्षेत्रात आणखी एक आकडा बघावा लागतो: वर येणाऱ्या द्रवात पाणी किती. विहिरीतून रोज 100 बॅरल द्रव येतोय आणि 90 टक्के पाणी आहे, तर तेल 10 बॅरल. पाणी 95 टक्के झालं की तेल 5 बॅरल, म्हणजे निम्मं, आणि उपसायचा खर्च मात्र तेवढाच. 'पाण्याचं प्रमाण किंचित वाढलं' असं वाक्य अहवालात दिसलं तर थांबून मूळ आकडे शोधा. शेल खडकातल्या विहिरींत याच जागी वायू-तेल प्रमाण पाहायचं. दाब उतरला की तेलात विरघळलेला वायू सुटून बाहेर पडतो, बीओई टिकून राहतात आणि पैसा देणारं तेल कमी होत जातं. जुन्या विहिरीला खेटून खणलेल्या नव्या विहिरी पहिल्यांपेक्षा कमी देतात हेही ध्यानात ठेवा. 'अजून 200 जागा शिल्लक' या दाव्यातल्या बऱ्याच जागा अशाच दाटीवाटीच्या असतात.

साठ्यांची उतरंड

'1पी' म्हणजे सिद्ध साठे, '2पी' म्हणजे सिद्ध अधिक संभवनीय, '3पी' मध्ये शक्यतेतलेही आले. संभाव्यतेच्या भाषेत त्या आकड्याइतकं किंवा त्याहून जास्त तेल मिळण्याची शक्यता अनुक्रमे 90, 50 आणि 10 टक्के. सिद्ध साठ्यांतही पोटभेद आहेत: आज उत्पादन देणाऱ्या विहिरींचे साठे (पीडीपी), तयार पण बंद असलेल्यांचे, आणि अजून खणायच्या विहिरींचे. अमेरिकेच्या नियमांत न खणलेली जागा सिद्ध म्हणायची तर ती साधारणपणे पाच वर्षांत खणण्याचा ठोस बेत लागतो. कंपनीकडे तेवढा पैसा आहे का, हे मात्र तुम्हीच तपासायचं. 2सी, 3सी या नावाने येणारे 'काँटिंजंट रिसोर्सेस' साठे नसतातच. तेल सापडलंय, पण काढणं अजून धंद्याच्या हिशेबात बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना मूल्य शून्य द्या.

पीव्ही-10 हा साठ्यांतून येणाऱ्या निव्वळ रोखीचं 10 टक्के सवलत दराने काढलेलं, करापूर्वीचं आजचं मूल्य. अमेरिकी अहवालात त्यासाठी मागच्या बारा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवशीच्या भावाची साधी सरासरी वापरतात. त्यामुळे भाव कोसळल्यावरही कागदावरचं मूल्य काही महिने फुगलेलं राहतं. नेमकं तेव्हाच 'शेअर पीव्ही-10 च्या निम्म्यावर' अशी वाक्यं फिरू लागतात. कॅनडात उलट भविष्यातल्या भावांचा अंदाज वापरतात; तो अंदाज आजच्या बाजारापेक्षा किती वर आहे ते पाहा.

स्वतःचा ढोबळ पडताळा एका ओळीत होतो: विहिरीपातळीवरची वार्षिक रोख भागिले (घटीचा दर अधिक सवलत दर). आपल्या कंपनीचे 17 डॉलर गुणिले 29.2 लाख, म्हणजे 4.96 कोटी. घट 25 टक्के असेल तर 4.96 भागिले 0.35, सुमारे 14.2 कोटी डॉलर. घट 12 टक्के असेल तर 4.96 भागिले 0.22, सुमारे 22.5 कोटी. हे अचूक नाही. घट पुढे मंदावते म्हणून उत्तर थोडं कमी येतं, आणि शेवटी शेवटी बॅरलमागचा खर्च वाढतो म्हणून थोडं जास्त. पण सादरीकरणातला पीडीपीचा आकडा याच्या दुप्पट असेल तर कुठेतरी भाव किंवा घट ओढूनताणून बसवली आहे.

शेअरमागे किती येतं

सादरीकरणात हिशेब असा असतो: 2पी मूल्य 48 कोटी, वजा कर्ज 8 कोटी, भागिले 10 कोटी शेअर, म्हणजे शेअरमागे 4 डॉलर, आणि बाजारात तो 1.50 ला. आता तोच हिशेब कडकपणे करू. फक्त पीडीपी धरायचं. 12 टक्के घटीच्या चांगल्या कंपनीचे 22.5 कोटी, त्यातून कर्ज 8 आणि विहिरी बुजवण्याचा खर्च 3 वजा. उरले 11.5 कोटी. कर्मचाऱ्यांना फुकटात मिळायचे शेअर धरून एकूण संख्या 11.5 कोटी. शेअरमागे 1 डॉलर. म्हणजे 1.50 पैकी 1 डॉलरला चालू विहिरींचा आधार आहे आणि 50 सेंट न खणलेल्या जागांसाठी मोजतोय. 25 टक्के घटीच्या कंपनीत हाच आकडा 28 सेंट येतो.

नवख्याने पहिली काही वर्षं पीडीपीतून कर्ज आणि बुजवणी वजा जाता शेअरच्या भावाचा किमान दोन तृतीयांश भाग वसूल होत असेल तरच पुढे वाचावं, असं आमचं ठाम मत आहे. यात काही उत्तम शेअर हातचे जातील. पैसे बुडणं मात्र बरंच टळेल.

भाव पाडून पाहा

तेल 65 वरून 50 आणि वायू 2.50 वरून 2 डॉलरवर आणा. सरासरी 31. रॉयल्टी 5.58, बाकी खर्च तेच. नेटबॅक 9.62. मुख्यालय आणि व्याज जाऊन 4.12 उरतात, वर्षाला 1.20 कोटी. तेलाचा भाव 23 टक्क्यांनी आणि वायूचा 20 टक्क्यांनी पडला, रोख 64 टक्क्यांनी. याहून वाईट दिवस येतच नाहीत असं समजू नका: 2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं डब्ल्यूटीआय फेब्रुवारी 2016 मध्ये 26 डॉलरच्या आसपास होतं, आणि 20 एप्रिल 2020 रोजी मे महिन्याचा करार उणे 37.63 डॉलरवर बंद झाला.

हेजिंग इथे कामी येतं. पुढच्या बारा महिन्यांच्या उत्पादनाचा किती टक्के भाग, कोणत्या भावाला आणि कधीपर्यंत बांधलाय, ते टिपांमध्ये असतं. साधा स्वॅप (एकच भाव ठरलेला) किंवा कॉलर (खालचा आणि वरचा भाव ठरलेला) चालेल. 'तीन पदरी कॉलर' दिसला तर जपून: त्यात कंपनीने आणखी खालच्या भावाचा एक पुट विकलेला असतो, म्हणजे त्या भावाखालच्या घसरणीची भरपाई देण्याची हमी दिलेली असते, त्यामुळे भाव फारच कोसळला की संरक्षण ऐन वेळी आटतं.

कर्जाची टीप दोनदा वाचा

छोट्या कंपन्यांचं बँककर्ज बहुधा साठ्यांच्या तारणावर असतं. बँक वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, कर्जमर्यादा नव्याने ठरवते. तिचा भर पीडीपीवर असतो आणि ती भाव बाजारापेक्षा कमी धरते. भाव पडला की मर्यादा घटते आणि जास्तीचं कर्ज परत मागितलं जातं, तेही कंपनीला कुठूनच पैसे मिळत नसताना. म्हणून उचल मर्यादेच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सावध राहा.

कर्ज भागिले व्याज-घसाऱ्यापूर्वीची कमाई, ही अट करारात बहुधा 3 ते 3.5 पटीच्या आसपास असते. आपल्या कंपनीचं हे प्रमाण आज 2 पट आहे. भाव पाडल्यावर 4.1 पट होतं. अट मोडली, आणि पुढचं सगळं बँकेच्या मर्जीवर. मुदतीची तारीखही बघा. कर्ज बारा महिन्यांच्या आत फेडायचं असेल तर ते चालू देण्यांत येतं, लेखापरीक्षक कंपनी चालू राहण्याबद्दल शंका नोंदवू शकतो, आणि काही करारांत तसा शेरा हाच करारभंग मानला जातो. पुरवठादारांची थकलेली बिलंही निव्वळ कर्जात मिळवा. अडचणीतली कंपनी आधी तिथूनच उसनं घेते.

साठे असणं आणि शेअरधारक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हाइटिंग पेट्रोलियम या अमेरिकी कंपनीने 1 एप्रिल 2020 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. विहिरी चालूच राहिल्या, पण नव्या कंपनीत जुन्या शेअरधारकांना 3 टक्के हिस्सा मिळाला, बाकी रोखेधारकांनी नेलं. उलटं उदाहरण हरिकेन एनर्जी या ब्रिटिश कंपनीचं. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला तिच्या लँकेस्टर क्षेत्रातून 2019 मध्ये तेल सुरू झालं, पाणी अपेक्षेपेक्षा लवकर आलं आणि 2020 मध्ये साठ्यांच्या अंदाजात मोठी कपात झाली. 2021 मध्ये कंपनीने बहुतांश मालकी रोखेधारकांना देण्याची योजना मांडली. शेअरधारकांनी विरोध केला, जून 2021 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने योजना नाकारली, तेलाचा भाव चढला आणि 2022 मध्ये रोखे फेडले गेले. एकाच शेअरमध्ये आधी साठ्यांची चूक आणि नंतर बाजाराची चूक, दोन्ही दिसली. मधल्या काळात तारखेला तारीख लावून रोख आणि रोख्यांची मुदत मोजणाऱ्यांनाच संधी ओळखता आली असती.

विहिरी बुजवण्याचा खर्च

प्रत्येक विहीर शेवटी सिमेंटने बुजवावी लागते. ताळेबंदात हे देणं सवलत दराने लहान करून दाखवतात, म्हणून टिपेत सवलतीशिवायचा आकडा शोधा आणि येत्या पाच वर्षांत किती खर्च पडणार ते बघा. मूल्याच्या आकड्यात बंद पडलेल्या विहिरींची बुजवणी धरली आहे का तेही पाहा. अनेकदा फक्त चालूंचीच धरलेली असते. बंद विहिरींची संख्या चालूंपेक्षा जास्त असेल तर मोठ्या कंपनीने आपलं देणं यांच्या गळ्यात बांधलंय, अशी दाट शक्यता आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2019 च्या रेडवॉटर निकालात अशा जबाबदाऱ्या धनकोंच्या देण्याआधी पार पाडाव्या लागतील असं ठरवलं. शेअरधारकांचा नंबर तर त्यांच्याही नंतर लागतो.

हिस्सा आणि कर

साठे आणि उत्पादन रॉयल्टीपूर्वीचे की नंतरचे, हे पहिल्या तळटिपेत पाहा. कॅनडातल्या कंपन्या बहुधा आधीचं उत्पादन सांगतात, अमेरिकेतल्या नंतरचं. दोघांची सरळ तुलना करू नका. उत्पादनवाटपाच्या कराराखालच्या देशात (जिथे कंपनी खर्च तेलातून वसूल करते आणि उरलेलं सरकारशी वाटून घेते) भाव वाढला की कंपनीच्या वाट्याची बॅरल्स घटतात. करही बदलतात: ब्रिटनने मे 2022 मध्ये तेल-वायू नफ्यावर 25 टक्के जादा कर बसवला, तो जानेवारी 2023 मध्ये 35 आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 38 टक्के झाला. एकूण भार 78 टक्के. तिथल्या शेअरवर 'करापूर्वीचं मूल्य' पाहून काही ठरवणं निरर्थक आहे.

खरेदी, आणि नंतरची पाळत

पाच वर्षांत शेअरसंख्या किती वाढली ते मोजा, आणि शेअरमागचं उत्पादन वाढलं की घटलं ते पाहा. एकूण उत्पादन दुप्पट आणि शेअर तिप्पट, हे छोट्या तेल कंपन्यांत सर्रास आढळतं. वॉरंट (ठरल्या भावाला नवे शेअर घेण्याचे हक्क), परिवर्तनीय रोखे (शेअरमध्ये बदलता येणारे) सगळे धरा.

अशा शेअरमध्ये रोजची उलाढाल थोडी असते. बाजारभावाने ऑर्डर टाकू नका, मर्यादा भाव लावा आणि काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने घ्या. तुमची एकूण खरेदी वीस दिवसांच्या सरासरी उलाढालीच्या 10 टक्क्यांत बसेल इतकीच ठेवा, नाहीतर बाहेर पडताना भाव तुम्हीच पाडाल. एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या 2 ते 3 टक्क्यांहून जास्त नको. दोन-तीन तेल कंपन्या घेतल्या म्हणजे जोखीम विभागली असंही नाही, भाव पडला की सगळ्या एकत्र पडतात.

घेण्याआधी चार आकडे लिहून ठेवा: मूळ घट, नेटबॅक, निव्वळ कर्ज, एकूण शेअर. दर तिमाहीत त्यांच्याशेजारी नवे मांडा. तेलाचा भाव पडल्यामुळे शेअर पडला आणि हे चार जागेवर असतील तर घाई करू नका. तेलाचा भाव स्थिर असताना घट किंवा पाणी वाढलं, कर्ज दोन तिमाही सलग चढलं, किंवा बँकेची मर्यादा घटल्यावर कंपनीने नवे शेअर काढले, तर तिथेच विका, खरेदीभाव काहीही असो. आणि शेअरचा भाव पीडीपी मूल्याच्या बराच वर जाऊन तुम्ही शून्य धरलेल्या जागांसाठीही बाजार पैसे मोजू लागला, तर निम्मे शेअर विकून बाकीच्यांचा हिशेब पुन्हा पहिल्या पायरीपासून करा.